अडखळणं कमी करू, की लपवणं?

प्रश्न : ताई, माझं वय २९. हिशेबतपासणीच्या कामात आहे. चौथ्या वर्षापासून तोतरं बोलतो. माझं नाव ‘ग’नं सुरू होतं आणि नेमका तिथेच गळा बंद होतो, आवाजच फुटत नाही. मागच्या महिन्यात आमच्याकडे नवीन साहेब आले. सगळ्यांनी गोल बसून आपापलं नाव आणि काम सांगायचं ठरलं. माझा नंबर अकरावा. सातव्या माणसापर्यंत कसाबसा बसलो, मग फोन आल्याचं नाटक करून मोबाइल कानाला लावला आणि बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. परत आलो तोवर शेजारच्यानं माझी ओळख करून दिली होती. कुणी हसलं नाही की काही बोललं नाही, पण ती दहा मिनिटं डोक्यातून जात नाहीत. अनोळखी माणसाला फोनवर तर मी सरळ दुसरंच नाव सांगतो, ‘अ’नं सुरू होणारं. एकदा त्या नावानं उलट फोन आला, तो आईनं घेतला आणि ‘असं इथं कुणी राहत नाही’ म्हणून ठेवून दिला.

लहानपणी दोन वर्षं थेरपी घेतली आहे. बोटानं टेबलावर ठेका धरायचा आणि एकेक अक्षर सुटं बोलायचं. त्या खोलीत मी एकदाही अडायचो नाही. खाली उतरता उतरता जिन्यातच सगळं संपायचं. ‘तुझा सराव कमी पडतो’ असं तिथे सांगायचे. आता वाटतं, पुन्हा थेरपी घ्यावी का? की हे असंच आहे म्हणून स्वीकारून मोकळं व्हावं? मित्र म्हणतो, स्वीकारणं म्हणजे हत्यार टाकणं. आणि थेरपी घ्यायचीच तर चांगला थेरपिस्ट ओळखायचा कसा?

उत्तर : तुमच्या पत्रात जिना दोनदा आलाय, लक्षात आलं का? मी ते पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या जिन्यातच थांबले.

मी स्वतः तोतरी. (हा शब्द छापू नये असं मला अधूनमधून सुचवलं जातं. मी वापरते, माझाच आहे.) वाचा-उपचाराच्या कामात बावीस वर्षं झाली, तरी ‘ह’वर अजून अडते. तुमचा जिना, तसा माझा शाळेतला हजेरीपट. माझा नंबर ३४. विसाव्या नंबरपासून पोटात गोळा यायचा. ‘हजर’ काही केल्या निघायचं नाही. ‘आहे’ म्हटलं तर जमायचं, पण बाईंना ‘हजर’च हवं असायचं. मग मी गळ्याला हात लावून नुसता दुसरा हात वर करायचे. वर्षभर घसा दुखणारी मुलगी म्हणून मी वर्गात प्रसिद्ध होते. आपलं गुपित कुणालाच कळलेलं नाही, याचं मला केवढं समाधान! पुढे वीसेक वर्षांनी एक वर्गमैत्रीण भेटली आणि सहज म्हणाली, “आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं गं. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचो.”

तुम्ही हिशेबातले, म्हणून हिशेबाचंच विचारते. त्या बैठकीत ‘ग’वर अडून अडून नाव सांगायला तुम्हाला किती वेळ लागला असता? दहा सेकंद? फार तर पंधरा. ते पंधरा सेकंद वाचवायला काय खर्ची पडलं ते लिहून काढा. पहिल्या सहा जणांनी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंच नसणार. नव्या साहेबांनी तुमचा आवाज ऐकला नाही. शेजाऱ्याचा उपकार डोक्यावर बसला. आणि महिना उलटला तरी तुम्ही अजून त्या जिन्यातच उभे आहात. माझ्या अनुभवात तोतरेपणाचा खरा खर्च अडण्यात होत नाही, अडू नये म्हणून जे करतो त्यात होतो. जोसेफ शीहान हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्वतः तोतरे होते. ते याला हिमनग म्हणायचे. लोकांना ऐकू येतं ते वरचं टोक. लाज, धास्ती, पळवाटा हे सगळं पाण्याखाली.

पळवाटांत आपण भलतेच हुशार असतो. ‘गाडी’ अडली की ‘बस’ म्हणून वेळ मारून न्यायची, भले ती जीप का असेना. समानार्थी शब्दांचा एवढा साठा दुसऱ्या कुणाकडे नसेल. नावाची पंचाईत अशी की त्याला दुसरा शब्दच नसतो, म्हणून बहुतेक तोतऱ्या माणसांना सगळ्यांत अवघड जातं ते स्वतःचं नाव. तुम्ही त्यावरही तोड काढलीत आणि नावच बदललंत. पण सांभाळा, कारण पळवाटेचा शब्द काही दिवसांनी स्वतःच अडायला लागतो. त्या ‘अ’वर तुम्ही अजून अडला नसाल तर नवल आहे.

आता ठेक्याची थेरपी. ठेक्यावर बोलताना, गाताना, दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून वाचताना, खोलीत एकट्यानं बडबडताना आपल्यापैकी बहुतेकांचं अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. बोलण्याची आतली वेळ लावण्यात आपला मेंदू थोडा वेगळा चालतो आणि बाहेरून ठेका मिळाला की ते काम हलकं होतं, असं मानतात. म्हणजे त्या खोलीत तुम्ही अडत नव्हता, ही ना तुमची कमाल होती, ना शिकवणाऱ्याची. ठेका काढला की अडखळणं परत येणार, यात नवल काय? माणूस आयुष्यभर टेबल वाजवत थोडाच बोलतो! ‘तुझा सराव कमी पडतो’ या वाक्याचा मला मनापासून राग आहे. औषध लागू पडलं नाही की रोग्याला बोल लावायचा, त्यातला हा प्रकार. दहा-बारा वर्षांचं पोर ते वाक्य घरी घेऊन जातं आणि एकोणतिसाव्या वर्षी पत्रात लिहून पाठवतं.

ही खोड जुनीच आहे. १८४१ साली बर्लिनमध्ये डीफेनबाख नावाच्या मोठ्या शल्यविशारदानं तोतरेपणा घालवण्यासाठी लोकांच्या जिभेच्या मुळाशी पाचरीएवढा तुकडा कापून काढायला सुरुवात केली. भुलीचं औषध तेव्हा नव्हतं. दोष जिभेत नव्हताच, पण कापली गेली जीभ. तोतरेपणा घराण्यात चालतो हे जुनं निरीक्षण आहे, आणि २०१० साली त्याच्याशी संबंध असलेले जनुकांतले बदल पहिल्यांदा हाती लागले. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण तोतरं बोलतो. त्यांत पुरुष बायकांच्या सुमारे चौपट, त्यामुळे माझ्यासारखी बाई अडली की समोरचा जरा जास्तच दचकतो. भित्रेपणा, आईबापांचं चुकलेलं वळण, कमी बुद्धी, यांतलं काहीही त्याचं कारण नाही. भीती मागाहून येते आणि मग मुक्काम करते, एवढं खरं.

चांगली थेरपी कशी असते हे मला चोविसाव्या वर्षी कळलं. त्याआधीच्या ठिकाणी घड्याळ लावून मिनिटाला किती वेळा अडले ते मोजायचे आणि आकडा खाली आला की शाबासकी द्यायचे. मी तिथे जाताना सोपे शब्द निवडून ठेवायचे, म्हणजे आकडा आपोआप खाली. दुसऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, “तू कोणते शब्द बोलतच नाहीस?” मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. दोन पानं भरली. शब्द संपल्यावर म्हणाल्या, “आता माणसं सांग. कुणाशी बोलत नाहीस?” तेव्हा मी रडले.

तिसऱ्या भेटीत त्या मला घेऊन रस्त्यावर आल्या आणि एका अनोळखी माणसाला त्यांनी थांबवलं. “कि-कि-कि-कि-किती वाजले?” माझ्यापेक्षा वाईट अडखळत, चांगले पाच-सहा सेकंद, आणि नजर सरळ त्याच्या डोळ्यांत. त्या स्वतः मुळीच तोतऱ्या नव्हत्या. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो माणूस वेळ सांगून गेला. बाईंनी मला विचारलं, “मी अडले तेव्हा तो कुठे बघत होता? माझ्या तोंडाकडे की घड्याळाकडे?” मला सांगता येईना. मी सगळा वेळ माझ्या चपलांकडे बघत होते. “बरं, मग आपण दुसऱ्याला विचारू,” असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला थांबवलं. असे चार झाले. त्यांतला एक जण हसला, हे लपवत नाही. पाचव्याला मी विचारलं.

याला मुद्दाम अडखळणं म्हणतात. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण जी गोष्ट होऊ नये म्हणून आपण जिवाचं रान करतो, तीच आपण होऊन चारदा केली की तिचा धाक ओसरतो, आणि धाक ओसरला की गळ्यातला ताणही उतरतो. चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकी तज्ज्ञानं, तेही तोतरेच, विसाव्या शतकात हीच वाट घालून दिली : मुळीच न अडण्याचा हट्ट सोडा, सोपं अडायला शिका.

सोपं अडायचं म्हणजे काय, ते तुमच्या ‘ग’वरच बघू. ‘ग’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर जाऊन टाळूला टेकतो आणि लगेच सुटतो. आता तुम्ही अडता तसे मुद्दाम अडा आणि आत लक्ष द्या. जीभ नुसती टेकलेली नाही, ती रेटून दाबली गेलीय. गळाही मिटलाय, कदाचित मानेची शीरही ताठ झालीय. दरवाजा आत उघडणारा आणि आपण तो बाहेर ढकलतोय, असं ते असतं. अशा वेळी मागे फिरून पुन्हा सुरुवात करायची नाही, जोरही लावायचा नाही. तिथेच थांबायचं, दाब हळूहळू सैल करायचा आणि ‘ग’वरून पुढच्या स्वरावर घसरत जायचं. वेळ लागेल, लोकांना ऐकूही जाईल, पण शब्द तुमच्या ताब्यात राहील. ऐन वेळी हे नाहीच साधलं तर शब्द अडत का होईना पुरा करा, दोन-तीन सेकंद गप्प राहा आणि तोच शब्द सैलपणे पुन्हा म्हणा. हे वाचून येत नाही, जाणत्या माणसासमोर बसूनच येतं. म्हणून थेरपी घ्याच, फक्त निवडून.

निवडायची कशी? पहिल्या भेटीत तुम्हीच प्रश्न विचारा. आधी साधं बघा : रीतसर शिक्षण आणि नोंदणी आहे ना, आणि मोठ्या तोतऱ्या माणसांबरोबर काम केलंय का? पुष्कळ थेरपिस्टांचा बहुतेक वेळ उशिरा बोलणारी मुलं, पक्षाघात झालेली माणसं यांत जातो. त्यात कमीपणा काहीच नाही, पण आपलं काम वेगळं आहे. मग विचारा, ‘मी तुमच्याकडे येऊन अडखळत राहिलो, पण फोनवर खरं नाव सांगायला लागलो, तर तुम्ही त्याला यश म्हणाल का?’ उत्तराआधी चेहरा बघा. ‘खोलीबाहेरचं काम आपण कधी सुरू करू?’ असंही विचारा. आणि तुम्ही अडलात की ते काय करतात याकडे लक्ष ठेवा. शब्द पुरवतात का, नजर वळवतात का, की शांतपणे वाट बघतात? तेवढ्यावरून मला निम्मं कळतं. इतक्या दिवसांत पूर्ण बरं करून देण्याची हमी कुणी दिली तर चहाही न घेता उठा. तोतरेपणासाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध आजवर नाही, आणि प्रामाणिक माणूस हमी देत नाही.

सावकाश बोलणं, शब्दाची मऊ सुरुवात करणं ही तंत्रं टाकाऊ आहेत, असा याचा अर्थ काढू नका. ज्याला ती हवीत त्यानं जरूर शिकावीत, मीही सभेत बोलताना वापरते. पण वापरायची की नाही हे माझं मी ठरवते, त्या दिवशीच्या मूडप्रमाणे. आणि धास्ती इतकी असेल की लोकांत जाणंच थांबलंय, तर मानसोपचाराचीही जोड घ्या. तोतऱ्या माणसांत लोकांच्या नजरेची भीती खूप आढळते आणि तिच्यावरचे उपचार चांगले आहेत.

राहिला तुमचा मित्र. माझ्या मते हत्यार तुम्ही त्या जिन्यात टाकलं होतं. ‘मी अडतो’ हे एकदा कबूल केलं की हात मोकळे होतात आणि त्या मोकळ्या हातांनी थेरपी करता येते. मुठी आवळून मीही तीन वर्षं केली, काही साधलं नाही. बरं, स्वीकार हा एकदा करून टाकायचा सोपस्कारही नव्हे. मला मंगळवारी वाटतं, अडले तर अडले, आणि गुरुवारी कुणीतरी माझी नक्कल केली की रात्री झोप येत नाही. या कामात बावीस वर्षं काढूनही.

सुरुवात साहेबांपासून नको आणि फोनपासूनही नको. जिथे हरण्यासारखं फारसं काही नाही अशी जागा निवडा. एखाद्या जवळच्या माणसाला, जो ऐकून घेईल, जिन्याची गोष्ट सांगा. मग एका सहकाऱ्याला साध्या सुरात सांगून ठेवा, ‘मी तोतरं बोलतो, कधी कधी वेळ लागतो, मी पुरं करीन.’ माफी मागू नका. अडखळण्याबद्दल माफीच्या सुरात सांगितलं तर ऐकणाऱ्यावर चांगला परिणाम होतो असं नाही, तेच नुसती माहिती म्हणून सांगितलं तर होतो. यावर अभ्यास झालेत आणि माझाही अनुभव तोच. शेजारी बसणाऱ्याला मात्र आवर्जून सांगा, ‘पुढच्या वेळी माझी ओळख मीच करून देईन.’ तोतऱ्या माणसांचे स्वमदत गट असतात, ऑनलाइनही भरतात. एकदा जाऊन बसा, बोलू नका हवं तर. पंधरा माणसं आपापल्या परीनं अडताहेत आणि कुणालाच घाई नाही, हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा परतताना मला वाटेत हसू येत होतं.

आणि आईला ते ‘अ’चं नाव कुणाचं, ते सांगून टाका. तिला बहुधा ठाऊकच असेल.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. गेले दोन महिने ‘मी-मी-मी-मला’ असं करतो. घरातले म्हणतात, आपोआप जाईल. थांबू का?

उत्तर : घरातले बरेचसे बरोबर आहेत. बहुतेक मुलांचं अडखळणं दोन ते पाच या वयात सुरू होतं आणि त्यांतल्या चारांपैकी साधारण तिघांचं पुढे जातं. पण ते तिघे कोण आणि चौथा कोण, हे आधी सांगता येत नाही. म्हणून थांबा, पण डोळे मिटून नको. सहा महिने उलटले, घरात दुसरं कुणी मोठेपणीही अडतं, तो अडताना डोळे मिटतो किंवा तोंड वेडंवाकडं करतो, किंवा बोलायचं टाळू लागलाय, यांतलं काहीही असेल तर वाट न बघता दाखवून घ्या. दाखवायला तसं आजही हरकत नाही. एवढ्या लहान मुलांसाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेली लिडकोम नावाची पद्धत आहे. तिच्यात थेरपिस्ट आईबापांना शिकवतो आणि रोजचं काम आईबाप घरी खेळता खेळता करतात. तोवर ‘हळू बोल’, ‘श्वास घे’, ‘नीट बोल’ हे तिन्ही बंद. तुम्ही स्वतः जरा संथ बोला आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत हातातलं काम बाजूला ठेवा. तुमच्यामुळे हे झालेलं नाही. पत्रात विचारलं नाहीत, तरी सांगते.

प्रश्न : माझा एक सहकारी बोलताना अडतो. त्याचा शब्द मला कळलेला असतो. मदत म्हणून तो मीच म्हणून टाकला तर चालेल का?

उत्तर : नको. निम्म्या वेळा तुमचा अंदाज चुकतो आणि मग त्याला आधी तुमचा शब्द खोडावा लागतो, नंतर आपला काढावा लागतो. काही जणांना मदत चालते, पण ते त्यांनी सांगायचं. एकदा दोघेच असताना विचारा. तोवर त्याच्याकडे नेहमीसारखं बघत राहा. मान हलवून ‘हं, हं’ करत त्याला ढकलू नका. चौकशीचा फोन त्याच्या वाट्याला आला तर तो त्याच्या हातून काढून घेऊ नका.